बिजागरी काकांची काच

दुकान लोखंडी सामानाचं. खिळे, स्क्रू, कड्या, कुलपं, नळ, पाने, बिजागऱ्या. अशा दुकानाकडे काही मोडल्याशिवाय कोणी फिरकत नाही, आणि जो येतो तो वैतागलेलाच असतो. पण या दुकानाच्या दर्शनी काचेसमोर रोज सकाळी दहा-बारा माणसं नाक टेकवून उभी असायची. त्यांच्या घरात काही म्हणता काही मोडलेलं नसायचं. याला कारणीभूत होते बिजागरी काका.

काकांचं वय अठ्ठावन्न, अंगकाठी शिडशिडीत, उजवा गुडघा कुरबुऱ्या. हुद्दा म्हणाल तर दुकानातले सगळ्यात जुने नोकर. गिऱ्हाइकाने "ते हे असतं ना, दाराला, असं वाकडं" एवढं म्हणायचा अवकाश, काका चौथ्या कप्प्यातून नेमकं तेच काढून पुढ्यात ठेवायचे. पण हे काम ते जेवणखाण उरकावं तसं उरकायचे. त्यांचा जीव होता तो काचेमागच्या मांडणीत.

शनिवारी दुकान दुपारीच बंद व्हायचं. मग काका चपला काढून, रेडिओ काखोटीला मारून काचेमागच्या जागेत शिरायचे. जागा केवढी, तर हातभर खोल आणि दोन खाटा लांब. आधी आठवड्याची जुनी मांडणी उचलायची, प्रत्येक नग पुसून खोक्यात घालायचा, फळ्यांवर ओला आणि मग कोरडा फडका फिरवायचा. मग रेडिओवर सिनेमाची गाणी लावून नवी मांडणी सुरू. एक मोठी कडी, दोन बारक्या, एक मोठी, दोन बारक्या. गाण्याचा ठेका धिमा असला तर अंतर जास्त, उडता असला तर कड्या खेटून. काकांना सुरातलं काही कळत नव्हतं, आणि कळतं असा त्यांचा दावाही नव्हता. पण एखादी रांग पुरी झाली की ते आतल्या आत हसायचे आणि हात झटकायचे. तसं हसू आल्याशिवाय पुढची रांग घ्यायची नाही, हा त्यांचा नियम.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी गाणं ऐन रंगात असताना रेडिओवाल्यांनी ते मध्येच तोडून बातम्या सुरू केल्या. काकांचा हात चुकला आणि चाळीस बिजागऱ्यांमधली एक पालथी पडली. बिजागरीच्या भोकांना एका बाजूने खळगा असतो, स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून. एकोणचाळीस खळगे वर आणि एका बिजागरीचे खाली. जवळून बघितल्याशिवाय कोणाच्या बापाला कळलं नसतं.

सोमवारी सकाळी समोरच्या थांब्यावर बस उभी राहिली. बसची कंडक्टर बाई खाली उतरली, रस्ता ओलांडून दुकानात आली. मागे आख्खी बस ताटकळत होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. बाई म्हणाली,

"अहो, तुमची एक बिजागरी उलटी आहे."

"कुठली?"

"खालून दुसरी रांग. गेला अर्धा तास माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीये. मागच्या फेरीला दिसली होती, वाटलं भास झाला. आता सांगितलं, मी सुटले."

काका बघून आले. बाईचं बरोबर होतं. ते इतके ओशाळले की काय द्यावं काय बोलावं सुचेना. समोर पितळी वायसरांचं खोकं उघडं होतं, त्यातला एक चकचकीत वायसर त्यांनी बाईच्या हातावर ठेवला. नळ घट्ट बसावा म्हणून लागते ती बारकी चकती, दुसरं काही नाही. बाईने ती बोटात घालून बघितली, खूश होऊन तिकिटांच्या पिशवीला बांधली आणि बस गेली.

दुसऱ्या दिवशी त्या बसमधले चार उतारू विचारायला आले, आज काय उलटं आहे?

बिचारे काका. आयुष्यभर सगळं सरळ लावण्यात घालवलेला माणूस. पण त्या चौघांचे चेहरे बघून त्यांना नाही म्हणवेना. पुढच्या शनिवारी त्यांनी मुद्दाम एक कुलूप पाठमोरं ठेवलं आणि घरी जाताना मोठं पाप केल्यासारखे दोनदा मागे वळून बघितलं. तेव्हापासून दर आठवड्याच्या मांडणीत एक नग उलटा. ज्याला आधी सापडेल त्याने आत यायचं आणि ठरलेलं वाक्य म्हणायचं: "काका, तुमचा एक अमुक उलटा आहे." मग काका शर्टाच्या खिशातला वायसर काढून द्यायचे. बोट दाखवून गर्दीला सांगायचं नाही, काचेला डाग पाडायचे नाहीत, एवढे दोनच कायदे. गल्लीतल्या लोकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असे वायसर लटकू लागले. शिंपीणबाईंकडे सात होते. नळ दुरुस्त करणाऱ्या मिस्तरीकडे एकही नव्हता, आणि तो म्हणायचा की मला वायसरची काय कमी. तरी थांबायचा मात्र रोज.

या सगळ्यात सर कसे आले ते काकांना आठवत नाही. सर म्हणजे कॉलेजातले प्राध्यापक. सौंदर्य म्हणजे काय हा त्यांचा विषय, आणि त्या विषयावर बोलताना त्यांची बस हटकून चुकायची. अकरा वर्षं ते काचेसमोर उभे राहत होते आणि अकरा वर्षांत त्यांना एकदाही उलटा नग सापडला नव्हता. कारण ते मांडणीकडे बघता बघता बोलायला लागायचे.

"काका, नियम असा आहे," सर म्हणायचे, "की सुंदर गोष्टीकडे माणूस निव्वळ बघतो. ती वापरावी, विकत घ्यावी असं मनात आलं की बघणं संपलं."

"पण सर, गिऱ्हाईक तर नळ पाहिजे म्हणूनच बघतं."

"तेच म्हणतोय मी. ते नळ बघतं."

"आणि नळ बघूनसुद्धा पाच मिनिटं उभं राहतं, त्याचं काय?"

सर वहीत काहीतरी लिहायचे. एकदा त्यांनी काकांना विचारलं की सिनेमाच्या गाण्यांवर तुम्ही हे रचता, चांगलं संगीत का लावत नाही? काका म्हणाले, "चांगलं लावलं तर ऐकत बसेन हो. मांडणी कोण करणार?" हेही सरांनी लिहून घेतलं. पुढे वर्गात त्यांनी त्यावर तासभर व्याख्यान दिलं म्हणतात. काकांना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, मुलं जागी होती ना?

आता ताईबद्दल. ताई म्हणजे मालकांची मुलगी. मालक थकले, घरी बसले, आणि दोन वर्षांपूर्वी ताईने दुकान हाती घेतलं. पोरगी हुशार, मनाने लाख, कामाला वाघ. कप्प्यांना आकडे दिले, अंधाऱ्या कोपऱ्यात दिवे लावले. तिचं एकच चुकायचं: कोणाचा त्रास दिसला की तो तिला दुपारपर्यंत संपवायचा असे. आणि गेले काही महिने तिला दिसत होतं की काका शनिवारी काचेमागे शिरताना "आई गं" म्हणतात, आणि बाहेर येताना म्हणतसुद्धा नाहीत, ओठ दाबून भिंत धरतात.

एका शनिवारी ती म्हणाली, "काका, आज अगदी तुमची सगळ्यात भारी मांडणी करा. मनात असेल ती."

काकांना एवढंच हवं होतं. त्या दिवशी त्यांनी जे मांडलं, त्याला तोड नव्हती. वरती पान्यांचा अर्धगोल, मोठ्यापासून करंगळीएवढ्यापर्यंत. त्याखाली नळ, मग उघड्या बिजागऱ्यांच्या तिरक्या ओळी. सगळ्यात खाली पितळी स्क्रूंच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत बारा, डोकी वर करून उभे. साठ डोक्यांवरच्या साठ खाचा आडव्या. त्यातली एक, पाचव्या रांगेत डावीकडून तिसरी, त्यांनी उभी फिरवली. मग बाहेर फुटपाथवर येऊन बघितलं आणि एकटेच हसले. ताईने फोनवर फोटो काढले, पुढून, मागून, वाकून. काका मनात म्हणाले, काढू दे, हौस आहे पोरीला.

सोमवारी सकाळी काका आले तर काचेवर मांडणीचा फोटो. काचभर. छापखान्यातून चकचकीत छापून आणलेला आणि काचेला गच्च चिकटवलेला. मागची जागा रिकामी. रविवारी ताईने स्वतः खपून सगळे नग खोक्यांत परत भरले होते, आणि खोकी आकड्यांप्रमाणे लावली होती.

"बघा!" ताईचा चेहरा नुसता फुलला होता. "आता शनिवारी घरी जायचं, पाय वर करून बसायचं. तुमची मांडणी कायमची राहिली. ऊन लागत नाही, धूळ बसत नाही. आवडलं ना?"

काय बोलणार? मुलीने प्रेमाने केलं होतं. काका म्हणाले, "छान आहे," आणि आत जाऊन उगाच खिळे मोजत बसले.  सव्वीस वर्षांची आपली शनिवारची दुपार गेली, एवढंच त्यांना कळत होतं. आणि ती परत मागायची कशी, हे कळत नव्हतं.

पण खरा घाव दुपारी बसला. सवयीने ते बाहेर जाऊन उभे राहिले आणि पाचव्या रांगेतल्या डावीकडून तिसऱ्या स्क्रूकडे बघितलं. खाच आडवी होती.

त्यांनी चष्मा पुसला. दुसरी, तिसरी, चौथी रांग बघितली. उजवीकडून मोजलं. साठच्या साठ खाचा आडव्या, एका रेषेत. उलटा नग नव्हताच.

आपण फिरवली होती. फिरवली होती का? बोटांना खाच फिरवल्याचं आठवत होतं, पण बोटांचं काय सांगावं, त्यांनी आजवर हजार वेळा तेच केलंय.  त्यांचे वडील शेवटी शेवटी असेच झाले होते. किल्ल्या साखरेच्या डब्यात ठेवायचे, आणि ठेवल्या नाहीत म्हणून शपथेवर सांगायचे. सुरुवात अशीच, एका बारीकशा गोष्टीपासून झाली होती. काका कोणाला काही बोलले नाहीत.

इकडे काचेसमोर गर्दी वाढत चालली. मंगळवारी पंधरा, बुधवारी पंचवीस. उलटा सापडेना, म्हणून लोक दुसऱ्या गल्लीतून यायला लागले. शिंपीणबाई कापड मापायची पट्टी घेऊन आल्या आणि पान्यांमधली अंतरं मोजू लागल्या. मिस्तरीने वही करून रांगा लिहून काढल्या. कंडक्टर बाई आता निवृत्त झाली होती, ती मुद्दाम बस करून आली, दीड तास उभी राहिली आणि म्हणाली, "या वेळी काकांनी कमाल केली बुवा." ताई आतून गर्दी बघायची आणि आनंदाने काकांच्या पाठीवर थाप मारायची. प्रत्येक थापेसरशी काका आणखी खचायचे.

सरांची तर समाधी लागली होती. शुक्रवारी ते म्हणाले, "काका, मला वाटतं तुम्ही या वेळी उलटं काहीच ठेवलं नाही. शोधणाऱ्याला कळावं की उलटं त्याच्या नजरेत आहे. बरोबर?"

"नाही हो सर," काका म्हणाले. "मी एवढा हुशार नाही."

रविवारी सुट्टी. काका सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते, चहा निवून गेला होता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सहा दिवस वाट बघितली होती. या बाईचा स्वभाव असा की नवऱ्याने आपणहून सांगावं म्हणून ती थांबायची, पण थांबण्यालाही हद्द असते.

"अहो, झालंय काय? सोमवारपासून रेडिओ लावला नाहीत तुम्ही."

मग काकांनी सगळं सांगितलं. काच, फोटो, पाचवी रांग, साखरेच्या डब्यातल्या किल्ल्या. सांगताना डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. "डोक्याचं राहू दे, माझी नजरच गेली गं. मला आता उलटं-सुलटं दिसत नाही. लोक उभे राहतात आणि मी त्यांना फसवतोय."

काकूंनी हातातली परात खाली ठेवली.

"उठा. गॅलरीत जाऊन कपडे वाळत घातलेत ते बघा."

"आता कपडे कशाला?"

"बघा म्हटलं ना. काही आणायला सांगत नाहीये."

काका गेले. गॅलरीत दोरीवर कपडे होते, रोज असतात तसे. ते उभे राहिले. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की कपडे गडदपासून फिक्याकडे लावलेत: निळी पँट, मग निळा शर्ट, मग आकाशी ओढणी, शेवटी पांढरे रुमाल. मोठा कपडा, दोन लहान, मोठा, दोन लहान. शर्टाच्या बाह्या एकाच बाजूला वळलेल्या. लाकडी चिमटे सगळे एका अंतरावर, दोरीवर वरून बसवलेले. आणि उजवीकडून चौथा चिमटा दोरीच्या खालून लावलेला, पाय जमिनीकडे करून.

"अगं, तुझा एक चिमटा उलटा आहे."

"सापडला?" आतून आवाज आला. "सव्वीस वर्षांनी."

काका वळले. काकू दारात उभ्या होत्या, पदराला हात पुसत, आणि हसू आवरत.

"ती बसवाली बाई आली होती ना दुकानात, तुम्ही घरी येऊन सांगितलं होतंत. दुसऱ्या दिवसापासून लावतेय. म्हटलं चार दिवसांत ओळखाल. मग म्हटलं चार महिन्यांत. तुम्ही आपले दोरीकडे पाठ करून चहा पिताय आणि मला सांगताय, आज कड्या कशा लावल्या."

"रोज?"

"रोज. नवीन जागी."

"आणि कोणालाच कळलं नाही?"

"शेजारच्या गॅलरीतल्या वहिनींनी पहिल्याच आठवड्यात ओळखला. रोज सापडला की त्या कठड्यावर चमचा वाजवतात."

 तो चमचा काका सव्वीस वर्षं ऐकत होते. त्यांना वाटायचं वहिनी मांजराला बोलावतात. मांजर पाळलेलं कधी दिसलं नाही, पण तेवढा विचार कोण करतो.

"रागावली नाहीस?"

"पहिली दोन वर्षं रागावले होते. मग मजा यायला लागली. मी काही तुमच्यासाठी लावत नव्हते नंतर. मला ते कपडे तसे लागलेले बघायला आवडायचे, म्हणून लावायचे." काकू पुढे झाल्या आणि तो चिमटा त्यांनी तसाच राहू दिला. "नजर गेली म्हणे. अर्ध्या मिनिटात सापडला तुम्हाला. वहिनींना दहा मिनिटं लागतात. नजरेला काही झालेलं नाही, फक्त वळवावी लागते. आणि तो फोटो काढलाय ना कोणीतरी? मग फोनवरचा फोटो मागून बघा की. रडत काय बसलात."

तेवढ्यात शेजारून चमचा वाजला. काका इतके हसले की गुडघा धरून खाली बसले, आणि काकूही हसत त्यांच्या शेजारी बसल्या. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण त्या दोरीखाली ती दोघं अशी पहिल्यांदाच बसली होती. चहा दुसऱ्यांदा झाला आणि या वेळी दोरीकडे तोंड करून प्यायला गेला.

सोमवारी काकांनी दुकानात पाय ठेवताच ताईला म्हटलं, "ताई, तो फोनवरचा फोटो दाखवता?"

ताईने फोटो मोठा करून दिला. पाचवी रांग. डावीकडून तिसरा. खाच उभी, खणखणीत उभी. काकांनी फोन छातीशी धरला.

"काय झालं काका?"

"काही नाही. मी आहे अजून."

ताईला कळेना. काकांनी दाखवलं, बाहेर नेऊन काचेवरचं दाखवलं. तिने तिथल्या तिथे छापखान्यात फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. पलीकडचा गृहस्थ अगदी खुशीत होता.

"हो ताई, बरं झालं तुम्ही विषय काढलात. सगळं कसं सुंदर लावलं होतं, आणि एका स्क्रूची खाच उभी राहिलेली. कोणाची तरी नजरचूक. म्हटलं एवढ्या कष्टाला गालबोट नको. कम्प्युटरवर फिरवून सरळ केली. वेगळं बिल नाही लावलं बरं का."

काचेसमोर सकाळची गर्दी जमलेली होतीच.  मग मिस्तरीने आपली वही मिटली.

"म्हणजे आठ दिवस आम्ही काय शोधत होतो?"

"काहीच नाही," शिंपीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनाच आधी हसू फुटलं. मग सगळा फुटपाथ हसला. सर हसता हसता खोकले, वही उघडली, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काही न लिहिता मिटली. "माझा सिद्धांत गेला," ते म्हणाले. पण त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही.

ताई मात्र हसली नाही. तिचा चेहरा पडला होता. लोक पांगल्यावर ती काकांना म्हणाली, "तुम्ही मला सोमवारीच का नाही सांगितलंत? आवडलं नाही म्हणून?"

"तुम्ही माझ्या गुडघ्यासाठी केलं होतंत."

"मग आता मला खरं सांगा. तुम्हाला काय पाहिजे?"

काकांनी आयुष्यात मालकांकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी खिशातला वायसर दोन बोटांत फिरवला. "माझी शनिवारची दुपार," ते म्हणाले. "परत पाहिजे. फोटो चांगलाच आहे ताई. पण तो एकदा बघून संपतो. मला पुन्हा पुसून पुन्हा मांडायचंय. गुडघा दुखतो, तर दुखतो."

 ताई गरम पाण्याची बादली आणि खरवडायची पट्टी घेऊन आली आणि काचेवरचा फोटो स्वतः सोलायला लागली. दीड तास लागला. मिस्तरी पाणी आणून देत होता. सोलता सोलता ती अचानक थांबली आणि म्हणाली, "काका, ड्रॉवरचे चॅनल आपण किती वर्षं विकतोय?"

"तीस तरी झाली."

"मग या फळ्या चॅनलवर का नाहीत? ओढली की फळी बाहेर येईल. स्टुलावर बसून मांडा आणि आत ढकला."

काका फळ्यांकडे बघत राहिले. तीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते की कपाटात वाकू नका, चॅनल लावा, फळी तुमच्याकडे येईल. "दोरीसारखंच झालं," ते स्वतःशी पुटपुटले. ताईला अर्थ लागला नाही, आणि त्यांनी सांगितलाही नाही. ती गोष्ट घरची होती.

बुधवारपर्यंत मिस्तरीने चॅनल बसवले. शनिवारी काका स्टुलावर ऐटीत बसले, रेडिओ शेजारी, गुडघा सरळ. या वेळी त्यांनी चॅनल, खुंट्या आणि दोरीची रिळं मांडली, आणि मधल्या फळीवर लाकडी चिमट्यांच्या लांबच लांब रांगा. चिमटे दुकानात कायमच होते, पण त्यांना दर्शनी जागा मिळाली ती सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. चिमट्यांच्या रांगा लावताना ते तीनदा हसले.

सोमवारी सकाळी काचेसमोर ही गर्दी. नाकं टेकली, चष्मे सरसावले. सरांनी या वेळी तोंड मिटून घेतलं होतं आणि खरंच नुसतं बघत होते. काका गल्ल्याजवळ उभे राहून एका गिऱ्हाइकाला कडी दाखवत होते, पण कान बाहेर होते.

गर्दीतून एक बाई पुढे आली. खांद्याला भाजीची पिशवी, पदर खोचलेला. काकांनी मान वर केली. काकू. इतक्या वर्षांत त्या दुकानाच्या पायरीवर कधी आल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं, घरी रोज ऐकते तेवढं पुरे. त्या काचेसमोर उभ्या राहिल्या, पहिली फळी, दुसरी फळी, मधली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. मग त्या दुकानात शिरल्या, लोकांमधून वाट काढत गल्ल्यासमोर आल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात, ठरलेलं वाक्य म्हणाल्या,

"काका, तुमचा एक चिमटा उलटा आहे."

आख्खं दुकान हसण्यात बुडालं. ताईने तर काउंटरवर डोकं टेकलं. काका लाजले, कानापर्यंत लाल झाले. त्यांनी शर्टाच्या खिशातला वायसर काढला, सदऱ्याच्या टोकाला दोनदा पुसला आणि काकूंच्या तळहातावर ठेवला. हात लगेच सोडला मात्र नाही.

काकूंनी वायसर उजेडात धरून उलटसुलट बघितला.

"याला ओरखडा आहे," त्या म्हणाल्या. "दुसरा द्या."